ओ देणारा पत्ता

इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या कचेरीबाहेर माझ्या शेजारी वाचनालयाच्या बाई आणि हवामान केंद्राचे काका बसले होते.

"पत्ते संपत आलेत, काका. वापरात नसलेला परत केलात, तरच आमच्यासारख्या छोट्या संस्थांना मिळणार. नियम बरोबरच आहे."

"वापरात आहे की. रोज सकाळी घरच्या कॉम्प्युटरवरून मी त्याला हाक मारतो. तो ओ देतो."

"पण केंद्र तर बंद पडलंय ना?"

"आमची ही गेली तेव्हाच. पाऊस तीच मोजायची. त्या पत्त्यावर तिनं लावलेलं मशीन तेवढं चालू आहे, तेच ओ देतं."

"मग राहू द्या ना तुमच्याकडे."

"नाही, परत करायलाच आलोय. तुम्हाला मिळाला, तर एक कराल?"

"सांगा ना."

"सकाळी मी हाक मारीन. ओ देत जा."