दीड वर्षाची तार

यवतमाळच्या दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी नणंद-भावजया बसल्या होत्या. मधे भावजयेची दातांना तार लावलेली विशीतली मुलगी, मान खाली घालून.

"शीलाताई, लेझर मारला का दात लवकर सरकतात म्हणे. दीड वर्षाचं काम वर्षात."

"कपाशीच्या पाकिटावरबी लय काही लिवलं होतं, वहिनी. बोंडात अळीच निघाली ना."

"डॉक्टर म्हणते, दुखत नाही."

"डॉक्टरले कायले दुखीन? दात तं प्रियंकाचे हायेत."

"दिग्रसच्या पोराकडच्यायनं सांगून ठेवलं, दात सरळ झाल्याबिगर साक्षगंध नाही अन् लग्नबी नाही."

"अन् त्या पोराचे दात पाह्यले का तुम्ही?"

"पोराचे कोण पाह्यते?"

"म्या पाह्यले. तंबाकूचा खर्रा खाऊन खाऊन लाल झाले. त्याले नाही का एखादा लेझर?"

"हळू बोला. कापसाच्या जिनिंगमधी कामाले हाय तो."

"जिनिंग चार महिने चालते. बाकी आठ महिने तो खर्राच घोटते."

"पोरीची तं काही ना नाही, शीलाताई. तार लावाले तं एका पायावर तयार झालती."

तेवढ्यात प्रियंकाचं नाव पुकारलं. ती एकटीच आत गेली. दार उघडंच होतं.

"आज लेझर सुरू करायचा ना?"

"नको, सर. नुसती तारच राहू द्या."

"अगं, आईला घाई आहे."

"आईले हाय. माह्या नर्सिंगले अजून दीड वर्ष बाकी हाय."

"मग तार तरी कशाला लावलीस?"

"तुमीच म्हणले होते ना सर, दीड वर्ष लागते म्हणून."