मार्कसच्या कॉलेजने लीग बदलली

आमच्या मार्कसचं ऐका. कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये माझं टी-शर्ट छापायचं दुकान, तिथलं हे जुनं गिऱ्हाईक. तो आणि बायको डेनिस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दोन जुन्या कॉलेजांत शिकलेले, आणि ती कॉलेजं एकमेकांची कट्टर वैरी. दरवर्षी त्यांची फुटबॉल मॅच व्हायची, आणि त्यासाठी दोघं आपापल्या कॉलेजचा शर्ट माझ्याकडून छापून घ्यायची. ज्याची टीम हरेल त्याने ख्रिसमसचा स्वयंपाक करायचा.

यंदा मार्कस तोंड पाडून आला. "आमच्या कॉलेजने लीग बदलली रे. आता डेनिसच्या कॉलेजशी मॅचच नाही. शर्ट कशाला छापायचा?"

मागून डेनिस म्हणाली, "माझा छापा. लीग सोडून पळालं कोण? ह्याचं कॉलेज. म्हणजे हरला हाच. ख्रिसमसची टर्की हाच भाजणार."

"तू तरी समजाव हिला," मार्कस मला म्हणाला.

दोघंही माझी गिऱ्हाइकं. मी त्याच्या कॉलेजच्या रंगाचा स्वयंपाकाचा एप्रन काढला आणि मार्कसला विचारलं, "नाव पुढे छापू की मागे?"