डाक्टरीणबाईनं बाजारात ओढलेली रेघ

आमी मूळचे मेंढरंवाले. माझा बाप, त्याचा बाप, समदे मेंढरामागं फिरले आन मी एकटा निघालो कोंबड्यामागं. पडीक रानं समदी वहितीला गेली, मेंढरानं चरावं कुठं, मग बापानं कळप इकला आन मला सायकल घेऊन दिली, म्हनला मारुत्या, आता तुझं तू बघ. तवापून मी वस्त्या-वस्त्यांवर फिरून गावरान कोंबड्या घेतो, पाय बांधून हँडलला उलट्या टांगतो आन बाजारात इकतो. लोक म्हनतेत, सायकल दिसतच न्हाई, पिसं यायलेत म्हनजी मारुतीअण्णा आला.

मला लई घमेंड व्हती फिरण्याची. तीन राज्यं बघा! हितं कर्नाटकात औरादच्या बाजारात खपली न्हाई तर उदगीरला, महाराष्ट्रात, तितं उरली तर नारायणखेडला, तवाच्या आंध्रात. कानडीत भाव सांगतो, तेलुगूत हुज्जत घालतो, उर्दूत शपथ घेतो आन घरी येऊन मराठीत बायकोची बोलणी खातो. आन दुसरी घमेंड थोरल्याची, दत्त्याची. हितली निम्मी पोरं हैदराबादला गेली तसा तो बी गेला, ठेकेदाराच्या हाताखाली विमानतळावर लागला, पेट्या चढवायला-उतरवायला. मी दर बाजारात सांगायचो, माझ्या लेकाच्या हातातनं दुबईचं सामान जातंय. मी काय इमान जवळून बघितलं न्हाई, पर सांगायला काय जातंय.

ते साल दोन हजार सहाचं. महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला कोंबड्या मेल्या, टीव्हीवर दाखवायलते, पांढरे कपडे घातलेली मानसं खड्ड्यात कोंबड्या पुरायलेत. मी हसलो. म्हनलं त्या फारमच्या कोंबड्या, मरणारच, आपली उकिरड्यावर वाढलेली, तिला काय हुतंय.

त्याच दिसांत दत्ता घरी आलता. माझ्या कोंबड्यांत दोन मरगळल्या व्हत्या, मान टाकून बसल्या व्हत्या. आमच्यात रीतच हाय, मरगळलेली बाजारात न्यायची न्हाई, मरायच्या आधी सुरी लावायची आन घरात खायची. गिऱ्हाइकाला फसवणं न्हाई आन नासाडी बी न्हाई. बाप मेंढराचं बी असंच करायचा. तर दत्त्यानंच कापल्या, दत्त्यानंच पिसं काढली, रस्सा झकास झाला. दुसऱ्या दिशी सकाळी पोराचं अंग गरम लागलं. त्याची माय म्हनली थांब की रे एक दिस. तो म्हनला खाडा पडला तर ठेकेदार दुसरा घेतोय, आन बसनं गेला.

त्याच दिशी औरादचा बाजार. जनावराच्या दवाखान्यातली डाक्टरीणबाई आलती, कवळी पोरगी, कानडी मिसळून मराठी बोलायची. आमा कोंबडीवाल्यांना लिंबाखाली गोळा केलं आन मलाच इचारलं, अण्णा, ह्या कोंबड्या कुठनं आनल्या? मी सांगत गेलो आन ती काडीनं मातीत रेघ ओढत गेली. तळ्याकाठच्या वस्तीवरनं, म्हनलं. तिनं तळं काढलं. तळ्यावर भाईरची बदकं येतेत का? येतेत की, हिवाळ्यात लई. तिनं बदक काढलं, ते म्हशीवानी झालं, आमी समदे हसलो. मग औराद, उदगीर, नारायणखेड. मग म्हनली घरी कोन कोन? मी छाती फुगवून दत्त्याचं सांगितलं, आज सकाळीच गेलाय म्हनलं, विमानतळावर कामाला हाय. काडी हैदराबादला पोचली आन थांबली, कारन पुढं माझाच पाय व्हता. म्हनली, अण्णा, पाय काढा. मी पाय काढला आन तिनं रेघ नेली, नेली, पार कोंबड्यांच्या पलीकडं नेली आन म्हनली, हे जग.

मग तिनं सांगितलं. हा पाखरांचा रोग हाय, बर्ड फ्लू म्हनतेत, रानबदकाच्या आतड्यात ऱ्हातो, त्याच्या घाणीतनं कोंबडीला लागतो आन कोंबड्या पटापटा मरतेत. मानसाला सहजी लागत न्हाई, पर आजारी कोंबडी जो कापतो, पिसं काढतो, त्याला लागू शकतो, आन लागला तर वाचणं कठीण. नीट शिजवून खाल्लं तर भ्या न्हाई, भ्या हाताळण्यात हाय. अजून तरी एका मानसातनं दुसऱ्यात तो सहज जात न्हाई. कोनतरी म्हनलं, मग घाबरायचं कामून? ती म्हनली, कारन हा रोग रूप बदलतो, आन ज्या दिशी मानसातनं मानसात पळायला शिकंल, त्या दिशी जगात कुनाच्याच अंगाला त्याची वळख नसंल. माझी आज्जी मानमोडीच्या साथीचं सांगायची, एक मढं पोचवून येस्तोवर घरात दुसरं. मी इचारलं, बाई, तसं का? ती म्हनली, तसंच अण्णा, ती बी फ्लूचीच साथ, आन तवा लोक इमानानं फिरत न्हवते.

काय सांगू तुमाला! तळ्यावर जाणारा मी, कोंबडी माझी, बाजार माझा, लेक माझा. तिनं जगाचं म्हनून काढलं आन ते निघालं माझ्याच घरचं! मी म्हनलं, बाई, दोन मरगळल्या व्हत्या, पोरानं कापल्या, अंग गरम हाय त्याचं. लोक असे सरकले माझ्यापसून, ज्याची तंबाखू मी रोज खायचो तो बी सरकला.

पळत एसटीडीवर गेलो. दत्ता ऱ्हातो त्याच्या खाली चहावाला, त्याचा नंबर व्हता. पोरगा नुकताच पोचलता. मी म्हनलं, दत्त्या, कामावर जाऊ नको. कामून? मी म्हनलं, कोंबडी. तो म्हनला, अप्पा, पिऊन बोलायलाव का? मागनं आलेल्या डाक्टरीणबाईनं फोन घेतला, म्हनली तोंडाला फडकं बांध, सरकारी मोठ्या दवाखान्यात जा, समदं सांग. फोन ठेवता ठेवता मी ओरडलो, कुनाजवळ बसू नको रे बाबा! लेकरू आजारी, आन बाप म्हनतोय कुनाजवळ बसू नको. असं कुनी म्हनतंय का हो?

माझ्या कोंबड्या तपासायला नेल्या, तिकडं दत्त्याच्या घशातलं कापसावर घेऊन नेलं. निकाल येस्तोवर घरात सैपाक व्हायचा आन तसाच ऱ्हायचा. बायको म्हनायची, देवा, माझं लेकरू वाचू दे. मी बी तेच म्हनायचो, पर मला त्याच्याबरुबर पेट्या उचलणारी पोरं बी दिसायची, बसमधी शेजारी बसलेली कोन बाई असंल ती बी दिसायची. जल्मात पैल्यांदा मला वळख नसलेल्या मानसांची काळजी लागली.

तो रोग न्हवता. कोंबड्यांना त्यांची नेहमीची मरी निघाली, दत्त्याला साधा ताप. मी रडलो, बाजारात, उघड्यावर. पर काम गेलं त्याचं, लई दिस बोलला न्हाई माझ्याशी. आता तितंच एका गोदामात हाय, बरा हाय. डाक्टरीणबाईला म्हनलं सुटलो बघा बाई. ती म्हनली, व्हय अण्णा, ह्या बारीला.

मी अजून कोंबड्याच इकतो, दुसरं येतंय काय मला. पर मरगळली की सुरी लावत न्हाई, दवाखान्यात कळवतो, मेली की चुना टाकून पुरतो. लोक हसतेत, हसू द्या. लिंबाखाली बसलो की ती रेघ मला अजून दिसती, कवाच पुसली तरी.

तुमी बसनं आलाव, बसनंच जानार, पुढं कुठं कुठं जाताल. सुखानं जावा, लेकरंबाळं धडधाकट ऱ्हावोत तुमची. चहा झालाय, पर थांबा जरा. मघाशी त्या लाल कोंबड्याच्या पाठीवरनं तुमी हात फिरवला, मी बघितलं. त्यो काय, साबन तितं हाय. या, मी पानी वततो.