वळणापलीकडचा आवाज

हॅलो?… हॅलो, कोण?… ताई! गेटवरनं बोलतेयस का?… बरं झालं गेटवाल्यांनी फोन आत जोडून दिला. हो, बोगद्यातच आहे मी. छत कोसळलंय ना, त्या ढिगाच्या अलीकडे… नाही गं, मला काही झालं नाही.

भावोजी?… पलीकडे अडकलेत. त्यांची सगळी टोळीच पलीकडे आहे… ताई, रडू नकोस. अगं ऐक ना आधी!

हो, हो, वॉकीटॉकी आहे त्यांच्याकडे. पण आवाज पोचत नाहीये… अगं, उघड्यावर रेडिओचा सिग्नल कुठेही पसरतो. इथे चहूकडे कातळ. सरळ बोगद्यात थोडा लांब जातो, वळण आलं की मेलाच. म्हणून तर आम्ही रेडिओवाले बोगदाभर खास केबल टाकतो. तिला बारीक चिरा असतात, त्यातून सिग्नल वाटभर पाझरत जातो. बागेतली भोकं पाडलेली नळी असते ना, तशी… हो ना, नेमकी तीच ढिगाखाली तुटलीय.

साहेब म्हणतात, खणायचं यंत्र येईपर्यंत थांबा. मी कशाला थांबतेय! आतले कुठे उभे आहेत ते कळल्याशिवाय यंत्र लावणार कुठे? ढीग त्यांच्याच अंगावर गेला तर?… तेच तर बोलले मी. मग म्हणाले, कर तुझं.

पाणी उपसायचा पाइप शाबूत आहे, ढिगातून आरपार. त्यातनंच नवी केबल सारतोय… एक मिनिट हं. काय हो मिस्त्री, अडकली? जोर नका लावू! मागे घ्या… जरा पीळ द्या… हं, आता सारा. गेली?… गेली!

ताई, आहेस ना? फोन ठेवू नकोस. केबलला रेडिओ जोडते… हॅलो, आतले कुणी ऐकताय का?… छे, नुसती खरखर… नाही गं, सोडून कशी देईन? उत्तर येईपर्यंत हाका मारणार… हॅलो, आतले कुणी… श्श! ताई, गप्प बस जरा!

भावोजी! अहो, मीच! सगळे आहात ना?… पंपवाल्याचा पाय? शुद्धीवर आहे ना?… बरं, बरं. उभे कुठे आहात? डाव्या भिंतीला? हलू नका तिथून, उजवीकडून खणायला लावते… काय?… हिला एवढ्यात काही कळवू नको? घाबरेल?

अहो, ती केव्हाची माझ्या कानाशी आहे! थांबा, रेडिओ फोनजवळ धरते. बोल गं ताई… बोल ना!… बरं, नंतर रागाव त्यांच्यावर, आत्ता नको! हसतायत बघ, ऐकू येतंय ना?

आता खरंच ठेवते हं. यंत्र आलंय, आणि कुठून खणायचं ते मीच दाखवणार.