परांजपे बाईंची पुस्तकं

कोथरूडच्या बसस्टॉपवर श्यामलाबाईंच्या शेजारी दोन मध्यमवयीन बायका येऊन बसल्या. त्या शोकसभेहून परतत होत्या, हे बोलण्यातूनच कळलं.

“छान बोललीस हं, कादंबरी. परांजपे बाईंनी दहापैकी चार तरी दिले असते.”

“टोमणे पुरेत, स्वराली. बाईंनी जग दाखवलं, हे खोटं आहे का? सुट्टी लागली की एकट्या निघायच्या. इजिप्त काय, पेरू काय!”

“आणि ग्रंथालयाचं पुस्तक फाटलं, की भर वर्गात उभं करायच्या.”

“कडकच होत्या.”

“निवृत्त होताना घरची सगळी पुस्तकं त्यांनी शाळेला दिली. ते भाषणात आलं नाही.”

“वेळ कमी होता गं.”

“ती रद्दीत घालायचं शाळेच्या तुमच्या संचालक मंडळानंच ठरवलं ना?”

“संगणकांना खोली हवी होती. बाईंना कुठे कळलं?”

“टेम्पो भरेपर्यंत फाटकापाशी उभ्या होत्या.”

“काही म्हणाल्या?”

“शिपायाला म्हणाल्या, ‘नीट रचा, कोपरे मोडतील.’”

श्यामलाबाईंची बस आली. त्या उठल्या नाहीत.

“आणि तू कुठे होतीस?” कादंबरीनं विचारलं.

“वर, शिक्षकांच्या खोलीत. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी खिडकी लावून घेतली.”