भर दुपारी बंद दारे

साध्या गल्लीची भीती कशी निर्माण करतात, हे मला एका दिग्दर्शकाने शिकवले. मी जुनी मॅट्रिक. मला एवढे ज्ञान कोठून असणार? खुनावरच्या टीव्ही मालिकेतला एक प्रसंग चित्रित करायला तो भूमला, आमच्या गल्लीत आला होता.

"आजी, सगळी दारं लावून घ्या. भर दुपार, सामसूम आणि खुनी एकटा चालत येतो. बघणाऱ्याला घाम फुटेल. आमचा नट एक वाजता जाणार आहे, पहिल्याच फटक्यात जमायला हवं."

"दिवसा दारे लावण्याची आमच्याकडे रीत नाही. लोक भलतेच समजतील," मी बजावले.

"समजू द्या की."

आम्ही दारे लावली. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. कोयता पाठीमागे लपवून खुनी संथपणे निघाला. तो अर्ध्यावर येतो तोच पलीकडच्या गल्लीतल्या शमीमभाभी पिठलं-भाकरीची पाटी घेऊन लगबगीने आल्या. मागे चार बायका, डोळ्यांना पदर लावून. गल्लीची सगळी दारे दिवसा बंद, म्हणजे कोणाची तरी माती. आणि मयताच्या घरी चूल पेटत नाही.

भाभींनी खुन्यालाच अडवले. "दादा, लई वाईट झालं. कोण गेलं?"

खुनी कोयत्यासकट गोंधळला. एक वाजून गेला होता. दिग्दर्शक डोके धरून माझ्या ओट्यावर बसला.

मी दार उघडले.

"अजून कोणी गेले नाही, भाभी, खुनी आत्ताच आला आहे. पण या साहेबांना वाढा. सुतक त्यांनाच आहे."