उतारावरचं माप

माझं गाव संगमेश्वराजवळ. वडील घरं शाकारायचे, म्हणजे कौलं चढवायची, गळती काढायची, आणि किती कौलं लागतील ते वाशावर काठी धरून तिथल्या तिथं सांगायचे. उतारावर मोजायचं रे, जमिनीवर नाही, हे मला शंभरदा तरी सांगितलं असेल. आणि काय सांगू तुम्हाला ताई, एवढा डिप्लोमा केला, सातासमुद्रापार अमेरिकेत आलो आणि नेमकं तेवढंच विसरलो.

ऐंशी सालानंतर लगेचची गोष्ट. राहायला इथंच श्रूजबरीला, नोकरी जवळच्याच एका छोट्या कंपनीत. ती बिल्डिंगांना फायर स्प्रिंकलर बसवायची, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी उडतं ना, ते. नकाशे काढायचे मी आणि पाइप बसवायचे वॉल्टरनं. वॉल्टर साठीला टेकलेला, जन्मभर हेच काम केलेलं. त्याला शांताराम म्हणता येईना, म्हणून मी सॅम. बर्फात गाडी चालवायला त्यानं शिकवलं, पहिला जाड कोट त्यानंच दिला, तोही त्याच्या अंगावरचा नाही हां, दुकानात नेऊन घेऊन दिला.

तर एका वृद्धाश्रमाचं काम आलं. वर मोठा अ‍ॅटिक, म्हणजे आपला पोटमाळा, छप्पर चांगलंच उतरतं. मी टेबलावर बसून दोन स्प्रिंकलरमध्ये बारा फूट ठेवले आणि ते सपाट कागदावरचे बारा. उतारावर गेलं की त्याचे सतरा होतात, आणि पंधराच्या वर चालतच नाही. वॉल्टरनं डोळे झाकून विश्वास ठेवला, कागदावरचं माप जमिनीवर आखलं आणि छपरातून ओळंबा सोडून बरोबर त्यावर बसवलं.

मग इन्शुरन्सचा माणूस तपासायला आला आणि म्हणाला, फेल. मालक भडकला, उद्या बघतो कोणाची चूक ते, म्हणाला. ताई, माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज त्याच कंपनीनं भरलेला, ही आणि मुलगी अजून रत्नागिरीला. सगळे घरी गेले, मी मागं थांबलो, मूळ ट्रेसिंग, म्हणजे ज्यावरून प्रिंटा काढतात तो पारदर्शक कागद, बाहेर काढलं, ब्लेडनं शाई खरवडली आणि आकडे उतारावरचे करून टाकले. माझा हात फार साफ होता हो. खाडाखोड दिसली नाही.

सकाळी मालकानं कागद पसरला. वॉल्टरकडची प्रिंट पोटमाळ्यावरच भिजून फाटून गेलेली. वॉल्टरनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, मीच चुकीचं वाचलं असणार. एवढंच. भांडला असता तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो, पण खोटं आहे ते. शुक्रवारी त्याला काढलं.

मालक मला म्हणाला, नवे पाइप नकोत, मोठ्या भोकाचे स्प्रिंकलर लाव, पाणी जास्त पडेल, भागेल. मी हिशेब करून बघितला. मोठं भोक घेतलं की जवळच्यांनाच सगळं पाणी जातं, शेवटच्या टोकाला धार राहत नाही, आणि त्या टोकाखाली अंथरुणाला खिळलेली माणसं. तेव्हा मात्र मी हटून बसलो, साइज तीच ठेवायची, मधे जादा लाइन टाकायची. टाकायला लावलीच. म्हाताऱ्यांसाठी तोंड उघडलं, वॉल्टरसाठी नाही.

कार्ड झालं, ही आली, मुलगी आता इंग्लिशमध्येच भांडते. वॉल्टर आता सत्तरीचा, एकटाच असतो, त्याच्याकडे मी जातो. घरात एक शेल्फ बसवायचं तरी तीनतीनदा मोजतो, मग मला बोलावतो, सॅम, तू एकदा बघ, माझा आता भरवसा नाही. ज्याच्या मापात कधी केसाचा फरक नव्हता तो माणूस. नोकरी घेतली ती घेतली, पण हे जे मी त्याचं घेतलं ना, त्याला काय म्हणायचं?

गेल्या महिन्यात सांगून टाकलं. ब्लेडसकट सगळं. रडलो त्याच्या पुढ्यात. तर त्यानं माझा हात थोपटला आणि म्हणाला, सॅम, तू फार चांगला माणूस आहेस, पण माझी चूक तू अंगावर घेऊ नकोस.

आता पुन्हा कसं सांगू? जातो, त्याच्या दारातला बर्फ काढून देतो, परत येतो. देव त्याला बरं ठेवो.